गाण्यातली घरघर

गेल्या मे महिन्यात माझा भाचा डब्लिनहून सुट्टीवर आला. तिकडे तो एका कचेरीत संगणकाचे काम करतो. येताना घरातल्या बायकांसाठी त्याने चॉकलेटे आणली, मुलांसाठी लोकरी टोप्या आणल्या (पुण्यात, मे महिन्यात!) आणि माझ्यापुढे एक चौकोनी, चांगले जाडजूड पाकीट ठेवले. आत दोन काळ्या तबकड्या होत्या. "मामा, तुम्ही लोकगीतांवर लिहिता ना? मग ही ऐका. तिकडची लोकगीतंच आहेत," एवढेच तो म्हणाला. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात जे हसू होते त्याचा अर्थ मला त्या वेळी कळला नाही.

तो कळला दुसऱ्या दिवशी दुपारी. जेवणे आटोपली होती, पडदे ओढले होते, आणि मी मोठ्या अपेक्षेने सुई तबकडीवर टेकवली. पहिली दोनतीन मिनिटे सारे ठीक चालले. एक बाई गात होती, मागे एक सूर धरलेला होता. मग कुणीतरी जमिनीवर ओंडका आपटावा तसा एक ठोका आला. मग दुसरा. मग त्या ठोक्यांच्या वर एक किंकाळी उठली; ती माणसाची की वाद्याची हे कळेना. स्वयंपाकघरातून आमच्या मंडळींचा आवाज आला, "अहो, तुमच्या यंत्राचा पट्टा तुटला वाटतं!"

यंत्राचा पट्टा शाबूत होता. गाणेच तसे होते. आणि ते तसे का होते, तसे असणे योग्य की अयोग्य, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मागे लागला आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर तो वाचकांच्या पानात वाढावा की नाही याचाही मी बराच विचार केला. पण चकलीशिवाय नुसत्या लाडवांचा फराळ कुणाला आवडतो?

तबकडीचे नाव 'फॉल्स लँकम'. मार्च 2023 मध्ये 'रफ ट्रेड' या लंडनच्या कंपनीने ती प्रसिद्ध केली. 'लँकम' हे गाणाऱ्या मंडळींचेही नाव आहे. इयन आणि डॅरा लिंच हे दोघे भाऊ, कॉर्मॅक मॅकडिअर्मडा आणि रेडी पीट ही गायिका, अशी ही डब्लिनची चौकडी. जॉन मर्फी नावाचा त्यांचा ध्वनिसंयोजक आहे. त्याला पाचवा गडी म्हटले तरी चालेल इतका त्याचा हात या कामात आहे. त्या वर्षी मर्क्युरी पारितोषिकाच्या अंतिम यादीत या संचाचे नाव होते आणि आयर्लंडमधले 'चॉइस' पारितोषिक तर त्याला मिळालेच. म्हणजे आमच्या मंडळींना जी यंत्राची मोडतोड वाटली, तिला तिकडे मानाचा टिळा लागला होता.

आधी नावाची गोष्ट सांगतो, कारण तिच्यात या मंडळींचा स्वभाव दिसतो. भावांच्या आडनावावरून पूर्वी ते स्वतःला 'लिंच्ड' म्हणवीत. पण अमेरिकेत जमावाने काळ्या माणसांना ठार मारण्याचा जो दीर्घ इतिहास आहे, त्याची आठवण त्या शब्दाला चिकटलेली आहे, हे ध्यानात घेऊन 2016 साली त्यांनी ते टाकले आणि एका जुन्या पोवाड्यातल्या खलनायकाचे नाव घेतले. फ्रान्सिस चाइल्ड या अमेरिकन पंडिताने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंड-स्कॉटलंडकडचे 305 पोवाडे पाठभेदांसह छापून काढले. त्यांत हा 93 वा. एक गवंडी एका सरदाराचा वाडा बांधतो. सरदार त्याची मजुरी बुडवतो. मग सरदार बाहेरगावी गेला असता गवंडी रात्री वाड्यात शिरतो आणि दाईला हाताशी धरून पाळण्यातल्या मुलाचा जीव घेतो. हा पोवाडा लिंच बंधूंना ज्याच्या गळ्यातून मिळाला तो जॉन रायली हा आयर्लंडमधल्या भटक्या जमातीचा माणूस. रॉस्कॉमन परगण्यातल्या बॉइल गावी राहणारा. टॉम मुनेली या संग्राहकाने त्याची गाणी ध्वनिमुद्रित करून ठेवली, आणि 1969 साली तो हलाखीतच वारला. ज्याची मजुरी बुडाली त्याचे गाणे ज्याला कुणी मजुरी दिली नाही त्याने जपले, हे माझ्या मनातून जात नाही.

आता ते पहिले गाणे. 'गो डिग माय ग्रेव्ह', म्हणजे माझी कबर खणा. प्रेमात फसवल्या गेलेल्या मुलीचे हे गाणे आहे. ती जीव देते, बाप तिला शोधत वर येतो, आणि तिची शेवटची इच्छा गाण्याच्या अखेरच्या कडव्यांत येते. या गाण्याचे धागेदोरे इंग्लंडात सतराव्या शतकापर्यंत मागे जातात. बोटीतून गेलेल्या लोकांबरोबर ते अमेरिकेच्या डोंगराळ मुलखात पोहोचले आणि तिथे केंटकीच्या जीन रिची या गायिकेच्या तोंडी राहिले. 1963 च्या तिच्या एका ध्वनिमुद्रिकेत ते आहे. रेडी पीटने ते तिथून उचलले. म्हणजे डब्लिनची मुलगी आपल्याच बेटांकडचे गाणे अमेरिकेच्या वळचणीवरून शिकली. माहेरची चाल सासरहून परत यावी, तसे.

रेडी पीटच्या गळ्याविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. तो गोड नाही. नाकात किंचित दाबलेला, सरळ, कंपहीन आणि काठाशी खरखरीत असा तो आवाज आहे. ती शब्दांवर अभिनय करीत नाही. बापाने दार उघडले, हे ती जेवढ्या सपाटपणे सांगते तेवढ्याच सपाटपणे पुढचेही सांगते. आपल्याकडे भावगीताच्या सवयीने आपण प्रत्येक करुण शब्दावर गळा ओला करू लागलो आहोत. त्या कानांना हा कोरडेपणा आधी बोचतो आणि मग हळूहळू लक्षात येते की बाई स्वतः रडत नाही म्हणून आपल्याला रडू येते आहे.

आणि मग तो ठोका, ती किंकाळी. गाण्याचा उत्तरार्ध आयरिश 'कीनिंग'वरून सुचला, असे गाणाऱ्यांनीच सांगितले आहे. मयताच्या उशाशी बसून बायकांनी आक्रोश करावयाचा, मृताचे गुण आणि मागे राहिलेल्यांचे हाल सुरात मांडावयाचे, अशी ही रीत. या कामात तरबेज असलेल्या बायकांना मुद्दाम बोलावून आणीत. 1773 साली मारल्या गेलेल्या आर्ट ओ लीरीसाठी त्याच्या बायकोने, आयलीन ने, केलेला विलाप आज आयरिश भाषेतल्या थोर काव्यांत गणला जातो. पण कॅथलिक धर्मपीठाला ही रीत कधी मानवली नाही. सतराव्या शतकापासून तिच्यावर बंदीचे हुकूम निघत राहिले आणि शेवटी ती बुडाली. उरली ती गाणी. ज्या आक्रोशात ती रुजली होती तो गेला. लँकम मंडळींनी तो आक्रोश पुन्हा गाण्याच्या शेजारी आणून बसवला आहे. आपल्याकडे मयताच्या घरी येणारी बाई उंबऱ्याबाहेरूनच हेल काढते. ज्याने तो हेल ऐकला आहे त्याला या तबकडीवरच्या किंकाळीचा अर्थ सांगावा लागणार नाही. ज्याने ऐकलेला नाही त्याला यंत्राचा पट्टा तुटला असे वाटेल.

इथे मला माझ्या आत्याची गोष्ट सांगितली पाहिजे. पंचवीसतीस वर्षांपूर्वीची आहे. आत्या सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी राही. गावात पिठाची गिरणी येऊन जमाना लोटला होता, तरी तिने जाते मोडले नव्हते. सणासुदीला चार पायल्या तरी ती जात्यावर दळीच. तिला ओव्या किती येत होत्या याची मोजदाद नाही. एका संस्थेची मंडळी ध्वनिमुद्रण करायला आली. त्यांनी घोंगडी अंथरली, यंत्र मांडले, आत्याला समोर बसवले. तिने खुंटा धरून ओवी सुरू केली तसा यंत्रावरचा तरुण हात वर करून म्हणाला, "आजी, जातं जरा थांबवा. फार घरघर येते, तुमचे शब्द नीट येत नाहीत."

आत्याने जाते थांबवले. घसा खाकरला. ओवी काही येईना. दोन ओळी आल्या, तिसरी अडली. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच. शेवटी ती ओशाळून मला म्हणाली, "आरं, जातं थांबलं की ववी बी थांबती. ह्या पोराला कोन सांगनार?" मी त्या वेळी शहरात शिकलेला, चार लेख छापून आलेला भाचा होतो. मी आत्यालाच समजावले, की ध्वनिमुद्रणाला शांतता लागते. ती मंडळी नऊ ओव्या घेऊन गेली. आत्या गेली त्यालाही आता बरीच वर्षे झाली. त्या नऊ ओव्या मी नंतर ऐकल्या. शब्द अगदी स्वच्छ आहेत.

त्या स्वच्छ ओव्या ऐकताना जे चुकल्यासारखे वाटत राही, ते काय होते हे मला या परक्या तबकडीने दाखवले. जात्याची घरघर हा ओवीवरचा मळ नव्हता. तीच तिची लय होती, तिचा षड्ज होता, आणि बाईच्या मनातले घरातल्या कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून ओढलेला तो पडदाही होता. आपल्या भाषेला हे पूर्वीच ठाऊक असावे. देवीच्या जागराला आणि कानठळ्या बसवणाऱ्या कालव्याला आपण एकच शब्द वापरतो: गोंधळ. आणि जात्याची ती घरघर, तीच मरणाऱ्याच्या घशातलीही घरघर.

गोंगाट संगीतात आणण्याची टूम मात्र काही लँकमची नव्हे. इटलीच्या लुइजी रुसोलोने 1913 साली गोंगाटाच्या कलेचा जाहीरनामाच काढला होता आणि खडखडाट करणाऱ्या पेट्या बनवल्या होत्या. 1948 साली पिअर शेफरने पॅरिस नभोवाणीवरून आगगाड्यांच्या आवाजांची रचना ऐकवली. पुढे 1980 च्या सुमारास इंग्लंडात कारखानी गोंगाट करणाऱ्या काही तरुणांनी अचानक साध्या गिटारी हाती घेतल्या आणि गोंगाटाच्या जोडीला जुन्या धाटणीची गाणी गाऊ लागले. त्या प्रकाराला नव-लोकसंगीत असे नाव पडले. त्यांतले काही चांगले आहे. पण त्यांतल्या काहींना लष्करी गणवेशाचे आणि फासिस्ट चिन्हांचे जे आकर्षण होते ते मला कधी रुचले नाही. लोकगीत म्हटले की कुणाला तरी शुद्ध रक्ताची, हरवलेल्या पूर्वजांची स्वप्ने पडू लागतात. हा रोग फक्त युरोपचा आहे असे समजण्याचे कारण नाही. लँकमची गाणी भटक्याकडून आलेली, अमेरिकेहून परतलेली, इंग्रज खलाशाने रचलेली. त्यांच्या गाठोड्यात शुद्ध असे काही नाही, आणि त्याचा त्यांना अभिमान असावा असे गाण्यावरून वाटते.

पण एवढ्यावरून त्यांचा सगळाच गोंगाट शिरोधार्य मानावयाचा काय? तसे मला वाटत नाही. आणि खरी परीक्षा इथेच सुरू होते.

त्यांची वाद्ये पाहा. कोपराखाली भाता दाबून वाजवावयाचे आयरिश पाइप्स. त्यांत गाणाऱ्या नळीबरोबर तीन नळ्या अखंड एकच स्वर धरून असतात. दिवाळीच्या पहाटे सनई लागते तेव्हा एक जण वाजवतो आणि शेजारचा नुसता सूर धरून बसतो, तसाच हा सूर. मग कॉन्सर्टिना, म्हणजे दोन तळहातांत मावणारी पेटीची धाकटी बहीण. आणि प्रत्यक्ष पेटीही आहे. (ही बाई पॅरिसला जन्मली, आपल्या संगीत नाटकात नांदली आणि 1940 पासून तीस वर्षे आपल्याच आकाशवाणीने तिला उंबऱ्याबाहेर ठेवले. आता ती डब्लिनमध्ये मरणाच्या गाण्याला सूर देते आहे. नशीब!) या सगळ्या वाद्यांत भाता आहे, श्वास आहे, आणि सुराच्या पोटात एक मुळचा खरखराट आहे. लँकम जेव्हा तो खरखराट वाढवत नेऊन त्याचा गोंगाट करतात, तेव्हा तो गाण्याच्या आतून आल्यासारखा वाटतो. जेव्हा तो बाहेरून आणून गाण्यावर घातला जातो, तेव्हा नाही.

'मास्टर क्राउलीज' घ्या. ही 'रील', म्हणजे नाचाची जलद चाल. कॉन्सर्टिनावर ती मोठ्या डौलात सुरू होते. पाय आपोआप ठेका धरतात. पण तीच चाल फिरता फिरता खाली एक धडधड जमू लागते, लोखंडावर लोखंड आदळावे तशी, आणि पाहता पाहता नाचाचे अंगण कारखान्याचे आवार होऊन जाते. चाल मात्र मोडत नाही. ती त्या धडधडीच्या पोटात चालूच राहते. नाचणारी माणसे कुठे गेली आणि कुठल्या शहरात कुठल्या यंत्रापाशी उभी राहिली, हे एका शब्दाशिवाय सांगितले गेले आहे. ज्या घरातला कुणी कोकणातून गिरणगावात गेला होता, त्या घरात ही चाल लावून पाहा.

'द न्यूयॉर्क ट्रेडर' ही खुनी कप्तानाची गोष्ट. वादळ सुटते, गलबत बुडू लागते, कप्तान आपली पापे कबूल करतो आणि खलाशी त्याला समुद्रात लोटतात. यात गोंगाट म्हणजे सरळ सरळ वादळच आहे. परिणाम होतो, पण नाटकातल्या पत्र्याच्या गडगडाटासारखा. याच्या उलट 'लॉर्ड अबोर अँड मेरी फ्लिन'. मुलाने पसंत केलेली मुलगी आईला नको असते, म्हणून ती मुलालाच विष पाजते. असल्या कथेला मागे काय काय वाजवता आले असते! त्यांनी जवळजवळ काहीच वाजवलेले नाही. हळुवार, अंगाईसारखी चाल आहे. आईनेच पाजले आहे, तेव्हा अंगाईच हवी. हा संयम ज्यांच्यापाशी आहे त्यांचा गोंगाट मी निमूटपणे ऐकून घेतो.

तसाच आनंद 'ऑन अ मंडे मॉर्निंग'ने दिला. सिरिल टॉनी या इंग्रज गीतकाराचे हे गाणे. तो पूर्वी आरमारात होता. सुट्टी संपून सोमवारी सकाळी पुन्हा कामावर निघालेल्या माणसाची जडावलेली उदासी, एवढाच त्याचा विषय. त्यात ना खून, ना समुद्र. पण तासाभराच्या गदारोळानंतर ते येते आणि त्यातली शांतता कानाला स्पर्श करते. भाऊबीज उरकून पाहुणे परतले, अंगणातली रांगोळी पुसट झाली, आणि डबा भरून लोकल गाठावयाची आहे, अशा सकाळी ते ऐकावे.

आता तक्रार. या गाण्यांच्या मधे मधे 'फ्यूग' नावाचे तीन लहान तुकडे आहेत. बाखच्या संगीतात फ्यूग म्हणजे एका स्वरपंक्तीने दुसरीचा पाठलाग करावयाचा. वैद्यकात हा शब्द माणूस स्वतःला विसरून भटकतो त्या अवस्थेला लावतात. इथे पहिला अर्थ औषधालाही नाही आणि दुसरा हवा असावा. पहिल्या तुकड्यात तो साधतो. मागच्या गाण्याचे अवशेष धुक्यात तरंगत राहावेत तसे वाटते. पण तीच युक्ती तीनदा केली की ती युक्ती आहे हे दिसते. दोन गाण्यांमध्ये मला निव्वळ शांतता दिली असती तरी चालले असते. ज्यांना 'लॉर्ड अबोर'मध्ये गप्प बसणे जमले त्यांना इथे का जमू नये?

आणि 'द टर्न' हे डॅरा लिंचने स्वतः रचलेले शेवटचे गाणे. सुमारे तेरा मिनिटांचे आहे. त्याची अखेर अशा काही कल्लोळात होते की तीत गळा, पेटी, पाइप्स सगळे वितळून एकच भिंत उभी राहते. पहिल्या गाण्यातली किंकाळी मला कळली, कारण ती कुणासाठी आहे हे माहीत होते. या भिंतीपाशी मी उभा राहिलो आणि ती कुणासाठी उभी केली आहे ते मला उमगले नाही. मला तो बाहेरून घातलेला गोंगाट वाटला. ध्वनिमुद्रणगृहात करता येतो म्हणून केलेला. जात्यात दाणे नसताना नुसतेच जाते फिरवावे, दगडावर दगड घासावा, तसा.

हे सारे मी भाच्याला दूरध्वनीवरून सांगितले. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "मामा, शेवटचं गाणं तुम्ही केवढ्या आवाजात लावलं होतंत?"

"बेताच्याच," मी म्हणालो. "घरात माणसं आहेत."

"मग तुम्ही ते ऐकलंच नाही. ते छातीत ऐकायचं असतं. खोलीभर आवाज सोडा आणि मग सांगा."

मला त्याच्या म्हणण्यात तथ्य असण्याचा संभव नाकारता येत नाही. आत्याच्या त्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी मीही शहाणपणानेच बोललो होतो. तेव्हा आवाज पूर्ण सोडून ते गाणे पुन्हा एकदा ऐकण्याचे मी कबूल केले आहे. पण खालच्या मजल्यावरचा मुलगा यंदा बारावीला आहे आणि त्याच्या आईने जिन्यात दोनदा सूचक विचारपूस केली आहे. दिवाळीत ते लोक चार दिवस गावाला जाणार आहेत. तबकडी मी बाहेरच काढून ठेवली आहे. आमच्या मंडळींनी तिच्यावर धूळ बसू नये म्हणून जुन्या साडीचा तुकडा घातला आहे, आणि परवा भाजणी भाजताना त्या पहिल्या गाण्याची चाल गुणगुणत होत्या. मी ऐकतो आहे हे दिसताच थांबल्या.